टपाल खात्यातील तात्पुरती नेमणूक : हातात कागद कोणता?

संस्थेकडे सल्ला विचारण्यास येणाऱ्या तरुणांकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो : "तीन वर्षे पोस्टात काम करतो आहे, कायम कधी होणार?" आम्ही उलट विचारतो, "ऑर्डर आहे का?" बहुतेक वेळा ती नसते. म्हणून टपाल खात्यात कायम नोकरीबाहेरचे कोणते प्रकार आहेत, हे समाजबांधवांपुढे मांडीत आहोत.

पहिला प्रकार ग्रामीण डाकसेवकांचा. जुनी मंडळी त्यांना 'ई. डी.' म्हणत, २००१ च्या नियमांनी नाव बदलले. शिक्षण दहावी, गणित व इंग्रजीसह. वय १८ ते ४० वर्षे, अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत. निवड दहावीच्या गुणांवर होते, मुलाखत नसते. (गावच्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीचा उपयोग नाही, हे पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे.) १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या कामासाठी शाखा डाकपालास दरमहा १२,००० व इतर डाकसेवकांस १०,००० रुपये मूळ भत्ता ठरला. डाकसेवक नियमित सरकारी नोकर नव्हे. तथापि ते पद नागरी पद आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजम्मा प्रकरणात दिला. त्यामुळे बाजू मांडण्याची संधी दिल्याविना त्याला काढता येत नाही. पुढे खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन होण्याची वाटही त्याला मोकळी आहे.

दुसरा प्रकार रोजंदारीचा. टपाल व तार खात्यातील रोजंदारी कामगारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली नियमित कामगाराच्या किमान वेतनाइतकी मजुरी देण्याचा आणि सामावून घेण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. त्यातून २९ नोव्हेंबर १९८९ पासून लागू झालेली योजना आली. वर्षात २४० दिवस भरलेल्यास 'तात्पुरता दर्जा' मिळाला. ही योजना त्या काळी कामावर असलेल्यांसाठी होती. आजही २४० दिवसांचा हिशेब मांडणारे भेटतात, पण तेवढ्यावर नोकरी कायम होत नाही. २००६ च्या उमादेवी निकालाने तर नियमित निवडीवाचून घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे ठरविले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात, याच निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करून घेणे न्यायालयाने गैर मानले. तो लाभ मिळवायचा तर सेवेचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे कागद.

तिसरा प्रकार बदलीचा. डाकसेवक रजेवर गेला की त्याच्या जागी कुणी तरी थैली उचलतो. काम तेच, ऊन-पाऊस तोच. पण अशा बदली माणसाचा त्या जागेवर हक्क निर्माण होत नाही. आपली पुष्कळ मुले नेमकी येथेच अडकतात. वय निघून जाते आणि डाकसेवकाच्या भरतीचा अर्ज भरायचा राहतो.

यात आरक्षणाचा प्रश्नही आहे. केंद्र सरकारच्या तात्पुरत्या नेमणुका ४५ दिवस वा अधिक काळासाठी असतील तर त्यांना आरक्षण लागू आहे. २०१८ व २०२२ च्या परिपत्रकांनी याची पुन्हा आठवण दिली. आमच्या मते खरी गळती येथे होते : ऑर्डरच न काढता माणूस कामावर ठेवला की बिंदुनामावलीत त्याची नोंद होत नाही आणि कुणाची जागा गेली हे कळतही नाही.

टपाल खाते केंद्राचे आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या कायद्याने मिळाला. त्याआधीच्या पिढीला या नोकऱ्यांत ती सवलत नव्हती. म्हणून केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. भरतीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि तहसील कचेरीतील रांग मोठी. जे सध्या कामावर आहेत त्यांनी हजेरीच्या नोंदी, मजुरीच्या पावत्या व मिळालेले प्रत्येक पत्र यांच्या प्रती काढून घरी सांभाळाव्यात.