पाच जण, एक गुहा आणि तांबोल्याचे वीस आकडे

"तुम्ही शनिवारी रात्री कॉमन रूममध्ये नक्की करता तरी काय?" रेक्टर सरांनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं, तेव्हा माझ्या हातात मेसमधून आणलेली स्टीलची वाटी होती आणि वाटीत तांबोल्याचे 1 ते 20 आकडे. आतून कुणीतरी ओरडत होतं, "अरे, पुजाऱ्याला आधी जाऊ दे, तू मेलास तरी चालेल!" अशा वेळी "सर, गेम खेळतोय" हे उत्तर कुणाला पुरणार? सरांना जुगाराचा संशय आला आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. फासे म्हटलं की आपल्याकडे थेट हस्तिनापूरची सभा आठवते. त्या रात्री मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.)

तर मित्रहो, या खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो बाजारात आणला. यात पटावर सोंगट्या सरकवून घरी पोचायचं नसतं आणि शेवटी 'जिंकलं कोण' हा प्रकारही नसतो. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, "समोर दगडी दार आहे, आतून कसलातरी आवाज येतोय. काय करता?" तुम्ही तोंडाने सांगायचं काय करता ते. काम सोपं असेल तर होऊन जातं. अवघड असेल तर सूत्रधार एक आकडा ठरवतो, समजा 15. मग तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात तुमच्या पात्राच्या अंगच्या गुणाचा बोनस मिळवायचा. 15 किंवा वर गेलात तर जमलं. वीस बाजूंचा फासा आमच्याकडे नव्हता, म्हणून वाटी आणि तांबोला. आकडा काढायचा, बघायचा, परत वाटीत टाकायचा. (परत टाकायला विसरलात तर प्रॉबॅबिलिटी बदलते. यावरून आमची दोन भांडणं झाली आहेत.)

असल्या खेळाचं मूळ लष्करात सापडतं. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली फॉन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने क्रीगस्पील, म्हणजे युद्धाचा खेळ, तयार केला. त्यात एक पंच असायचा. सगळा नकाशा फक्त त्याला ठाऊक. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना तो एवढंच सांगायचा की तुमच्या तुकडीला इथून काय दिसतंय. आमच्या सगळ्या भानगडींचं मूळ या एका नियमात आहे. टेबलावर बसलेल्या कुणालाच सगळं माहीत नसतं. चोराने दाराला कान लावून काय ऐकलं ते त्याने सांगितल्याशिवाय मांत्रिकाला कळत नाही, आणि सांगायचं राहिलं तर राहिलंच.

एकाच गोष्टीत अनेक आठवडे खेळत राहायचं, याला इंग्रजीत कॅम्पेन म्हणतात. आम्ही मोहीम म्हणतो. आमचा सूत्रधार फायनल इयर मेकॅनिकलचा आणि पक्का भिवंडीकर. भिवंडीत बसून मोहीम म्हटलं की वसईच आठवणार. 1737 ते 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम. पेशव्यांकडे गाऱ्हाणं घेऊन गेलेले गंगाजी नाईक इथल्याच अंजूरचे, आणि वज्रेश्वरीचं देऊळ त्या विजयानंतर बांधलेलं. सूत्रधाराने त्याच मुलखाचा नकाशा काढला: खाडी, कामवारी नदी, वज्रेश्वरीच्या बाजूचे गरम पाण्याचे झरे. फक्त त्यात राक्षस सोडले. झऱ्यांच्या वरच्या डोंगरात एक गुहा आणि गुहेच्या पलीकडे आम्हाला हवी ती वस्तू. वस्तू कोणती ते सांगत नाही.

आम्ही पाच जण. मी कॉम्प्युटरचा, म्हणून मांत्रिक. मेकॅनिकलवाला योद्धा, ईएक्सटीसीवाला चोर, आयटीवाला तिरंदाज. पाचवा सिव्हिलचा, इचलकरंजीचा, दोन आठवडे उशिरा आला. त्याला पुजारी दिला, कारण पुजारी कुणालाच नको असतो. बाकीच्यांच्या जखमा बांधायच्या आणि मागे उभं राहायचं. जगभर हीच रड आहे म्हणे.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने आमचा सगळ्यात मोठा राक्षस टाइमटेबल हा होता. कुणाचं सबमिशन, कुणाची केटी, कुणी शनिवारी घरी पळालेला. शेवटी ठरलं: शनिवार, मेसनंतर नऊ वाजता, चार जण असले की सुरू. जो नाही त्याचं पात्र तापाने झोपलेलं आहे असं समजायचं. आणि एक वही ठेवली. तिचं नाव बखर. दर वेळी कुणीतरी लिहायचं की काय घडलं, काय सापडलं, कोण काय बोललं. तीन आठवड्यांपूर्वी गावच्या पाटलाने काय सांगितलं ते कुणालाही आठवत नाही, विशेषतः मध्ये युनिट टेस्ट होऊन गेली असेल तर. बखर बहुतेक वेळा मीच लिहायचो, इंग्रजीत. पुस्तक इंग्रजी, नियम इंग्रजी, म्हणून टेबलावरही आम्ही इंग्रजीतच बोलायचो. सूत्रधारसुद्धा. यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. इचलकरंजीवाला चार शनिवार "आय अटॅक" आणि "आय हील" एवढंच बोलला. मला वाटलं, स्वभावाने शांत असेल.

आता गुहा. आत एक खोल दरी, तिच्यावर आठ लांब दगडी तुळया शेजारी शेजारी आडव्या टाकलेल्या. त्या ओलांडल्या की पलीकडचा काठ. वर छत इतकं खाली की तुळयांवरून सरपटतही जाता येत नाही. अलीकडच्या भिंतीवर एक दगडी चाक आणि त्यावर माळेसारख्या ओवलेल्या बारा पट्ट्या. प्रत्येक पट्टीला आठ भोकं, काहींत खुंटी, काही रिकामी. चाक एका पट्टीने फिरवलं की घरघर आवाज होतो, काही तुळया वर छतात जातात, काही खाली बसतात, आणि चाक सोडलं की सगळं धाडकन मिटतं. चोर मध्ये घुसला आणि अर्धमेला होऊन बाहेर आला.

आठ भोकं! खुंटी म्हणजे 1, रिकामं म्हणजे 0. इंजिनिअरिंगच्या पोरांना याहून जास्त काय लागतं? मी कागद ओढला. पहिली पट्टी 11001100, म्हणजे 204. दुसरी 01100110, म्हणजे 102. तिसरी 00110011, म्हणजे 51. चौथी 10011001, म्हणजे 153. पुढे हेच परत परत. आस्की कोडमध्ये 102 म्हणजे छोटा एफ आणि 51 म्हणजे 3. एफ तीन! बुद्धिबळाच्या पटावरचं घर! आमचा आनंद गगनात मावेना. मग दीड तास आम्ही त्या गुहेत बुद्धिबळ शोधत होतो. 204 आणि 153 आस्कीत बसतच नाहीत, कारण मूळ आस्की 127 ला संपतो. ही गोष्ट मला ठाऊक होती आणि मी ती सोयीने विसरलो होतो.

या दीड तासात इचलकरंजीवाला तीनदा काहीतरी बोलायला गेला. तीनदा मी "वन मिनिट" म्हणून त्याला थांबवलं. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर सूत्रधाराने सांगितलं. चौथ्यांदा तो सरळ मराठीत आणि मोठ्याने बोलला:

"अरे, डॉबी आहे की ही! आमच्या वडलांनी जन्मभर ह्याच खुंट्या बसवल्यात."

सगळे गप्प. सूत्रधार खाली मान घालून हसत होता.

मग त्याने समजावलं. यंत्रमागावर उभे धागे फ्रेममध्ये ओवलेले असतात. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणत्या फ्रेम वर उचलायच्या आणि कोणत्या खाली ठेवायच्या हे ठरवतं ते यंत्र म्हणजे डॉबी, आणि डॉबीला हे सांगतात त्या खुंट्यांच्या पट्ट्या. खुंटी आहे ती फ्रेम वर. वरचे आणि खालचे धागे यांच्यामध्ये जी फट पडते, तिच्यातून धोटा आरपार जातो. दोन वर, दोन खाली, आणि दर पट्टीला एक घर सरकतं, हे ट्विल. कापडावर तिरकी रेघ दिसते ती यामुळेच. (जीन्सचं कापड ट्विलच, पण ते साधारण तीन-एकचं. हे दोन-दोनचं.) म्हणजे त्या पट्ट्यांत काही लिहिलेलंच नव्हतं. कुठलीही पट्टी चालली असती. चाक धरून ठेवायचं आणि ते मिटायच्या आत खालच्या तुळयांवरून, वरच्या तुळयांखालून धोट्यासारखं आरपार जायचं.

माझी लाज थोडी राखण्यासाठी एक सांगतो. आम्ही अगदीच हुकलो नव्हतो. जाकाराने 1804 साली मागाला भोकांची कार्डं लावली, आणि भोकांच्या कार्डांवर हॉलेरिथने 1890 ची अमेरिकेची जनगणना मोजली. कॉम्प्युटरची पंच कार्डं त्याच घराण्यातली. फक्त आम्ही नातवाला ओळखलं आणि आजोबांना नाही.

पण कोडं अजून संपलं नव्हतं. चाक अलीकडच्या काठावर. चार जण गेले तरी चाक धरणारा कसा जाणार? यावर मी पुन्हा कागद ओढणार, इतक्यात तो म्हणाला, "धोटा रिकामा जातोय व्हय कधी? मागनं धागा असतोच की." पहिला जाईल त्याने चाकाच्या मुठीला बांधलेला दोर सोबत न्यायचा. मग पलीकडूनही चाक ओढून धरता येतं.

आता हिशोब बघा, कारण मला या खेळात सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे आहे. चाक धरायला 15 हवेत, योद्ध्याचा बोनस 5. म्हणजे वाटीतून 10 किंवा वरचा आकडा यायला हवा. शक्यता 55 टक्के, बरी वाटते. पण जायचंय पाच जणांना, पाच वेळा चाक धरायला हवं. 0.55 चा पाचवा घात केला तर जेमतेम 5 टक्के येतात! योद्धा एकटा कितीही पिळदार असला तरी शंभरात पाच. नियम असा की दुसऱ्याने मदत केली तर दोन आकडे काढायचे आणि मोठा घ्यायचा. 55 चे जवळपास 80 टक्के होतात, आणि पाच वेळांचे 32. त्यावर पुजाऱ्याने आशीर्वाद दिला तर चार बाजूंच्या फाशाचा आकडा आणखी मिळतो. सगळं धरून पाचही वेळा चाक टिकण्याची शक्यता 56 टक्के. (सोयीसाठी बोनस पाचही वेळा तोच धरला आहे. मॅथ्सच्या सरांनी माफ करावं.) योद्ध्याची ताकद तीच, वाटीही तीच. मागे उभं राहायला दिलेल्या त्या पुजाऱ्याशिवाय आमचं काही खरं नव्हतं.

मग कोण आधी जाणार यावर अर्धा तास वाद. पुजारी लवकर गेला तर अलीकडच्यांना आशीर्वाद कोण देणार? उशिरा गेला आणि मेला तर? रेक्टर सरांनी ऐकलेली आरडाओरड यातलीच. शेवटी क्रम पुजाऱ्यानेच लावला आणि आकडेही तोच मोजत होता, मराठीत, "एक... दोन... तीन...", मागाच्या ठेक्यात. तीन जण सुखरूप गेले. चौथ्या वेळी वाटीतून 2 आणि 4 निघाले. तुळया मिटल्या आणि तिरंदाजाचा हात सापडला. जगला, पण धनुष्य दरीत गेलं. शेवटी योद्धा उरला. पलीकडून दोर मी धरला, मांत्रिकाच्या काडीसारख्या हातांनी. माझा बोनस शून्य! 3 आला. दुसरा आकडा 17. माझे हात खरोखरच थरथरत होते, हे लिहायला संकोच वाटतो, पण आहे ते आहे.

खेळ संपल्यावर सूत्रधाराने बखर मागितली. असल्या मोहिमा रचणाऱ्यांमध्ये एक सूत्र प्रसिद्ध आहे, जस्टिन अलेक्झांडर या लेखकाने ते 2008 साली मांडलं. खेळाडूंनी जे ओळखायला हवं, त्याच्या किमान तीन खुणा पेरायच्या, कारण एक हुकते, दुसरीचा अर्थ उलटा लागतो. आमच्या सूत्रधाराने तीन पेरल्या होत्या. गावात विणकरांची ओसाड गल्ली. पुजाऱ्याच्या उपरण्यावर तिरकी रेघ. आणि मेलेल्या पहारेकऱ्याच्या झोळीत एक लाकडी वस्तू, होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना लोखंडी टोचे. तिसऱ्या खुणेपुढे बखरीत माझ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: खेळण्यातली होडी.

"धोटा होता तो," इचलकरंजीवाला म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं. पण धोट्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते येत नव्हतं. वाटलं, तुम्हाला माहीतच असणार."

शटल हा शब्द मला बालवाडीपासून येतो. बॅडमिंटनचं आणि अवकाशात जाणारं. भिवंडीत तीन वर्षं राहून, खिडकीखाली दिवसरात्र मागांचा खडखडाट ऐकून, धोटा मी कधी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवारी सूत्रधार आम्हा पाचही जणांना त्याच्या घराशेजारच्या कारखान्यात घेऊन गेला. खेळात सांगितली त्याहून ती वस्तू हाताला जड लागते, आणि आत कांडी बसवायला खोबण असते.

तेव्हापासून टेबलावर मराठी, हिंदी, इंग्रजी, जे तोंडात येईल ते चालतं. बखर दर वेळी वेगळ्याने लिहायची. आणि कुणी बोलायला लागला की "वन मिनिट" म्हणणाऱ्याचं एक आयुष्य कमी. मी आतापर्यंत दोन गमावली आहेत.

कुणाला खेळायचं असेल तर नियमांची झेरॉक्स काढायची गरज नाही. कंपनीने मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला आहे, फुकट उतरवून घेता येतो. तांबोल्याचे आकडे आणि वाटी आमच्याकडे आहे (मेसच्या काकांना कृपया सांगू नये). रेक्टर सरांनाही आमंत्रण आहे. गुहेच्या पलीकडे काय होतं ते मात्र इथे लिहीत नाही, कारण सेकंड इयरची नवी तुकडी पुढच्या सेमिस्टरला त्याच गुहेत उतरणार आहे, आणि त्यांचा सूत्रधार इचलकरंजीचा आहे.