रोमची रणभूमी (भाग ६) : आरोळी कधी ठोकायची?

मागच्या आठवड्यात आपण रोमन छावणी पाहिली. ती हलवताना पहिल्या तुतारीला तंबू उतरायचे, दुसरीला सामान खेचरांवर चढायचं, आणि तिसरी वाजली की रेंगाळणाऱ्यांनाही रांगेत यावंच लागायचं. हे सगळं लिहून ठेवणारा जोसेफस आधी रोमविरुद्ध लढलेला ज्यू सेनानी, पुढे रोमच्याच आश्रयाला गेलेला इतिहासकार. तो सांगतो, की यानंतर सेनापतीच्या उजव्या हाताला उभा असलेला ललकारी देणारा सैनिकांना तीनदा विचारायचा, युद्धाला तयार आहात ना? सैनिक उजवा हात उंचावून होकार गर्जायचे. काही जण तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच.

‘हर हर महादेव’ ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला साहजिकच वाटेल, की रोमचीही अशी एखादी ठरलेली घोषणा असणार. पण सर्व काळात, सर्व फौजांनी दिलेली अशी एक घोषणा सापडत नाही. ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटातलं ‘बळ आणि मान’ हे पालुपद पटकथेतलं, इतिहासातलं नव्हे. लढाईपुरता परवलीचा शब्द मात्र ठरे. इ.स.पूर्व ४८मध्ये, रोमच्या यादवी युद्धात, ग्रीसमधल्या फार्सालसला सीझरच्या बाजूचा शब्द होता ‘विजयी व्हीनस’, तर पॉम्पेच्या बाजूचा ‘अजिंक्य हर्क्युलिस’. दोन्हीकडे रोमनच असल्यावर आपला कोण नि परका कोण, हे ओळखायला दुसरा उपाय तरी काय होता?

शब्दापेक्षा रोमन सेनापतींना वेळेची काळजी जास्त. ब्रिटनमध्ये रोमविरुद्ध उठलेल्या राणी बूडिकाच्या प्रचंड, कल्लोळ करणाऱ्या जमावासमोर रोमन सुभेदार सुएटोनियस पॉलिनसचे सैनिक गप्प राहून शिस्तीत पुढे सरकले आणि भालाफेकीच्या टप्प्यात आल्यावरच तुटून पडले, असं इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. इ.स. १३५च्या सुमारास कॅपाडोशियाचा सुभेदार असलेल्या आरियनने अलान घोडेस्वारांविरुद्ध काढलेले हुकूम आजही वाचायला मिळतात. त्यातही तेच आहे : शत्रू टप्प्यात येईपर्यंत चिडीचूप, आणि मग एकदम, जितकी भयंकर करता येईल तितकी गर्जना. युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा व्हेजिटियस तर सरळ म्हणतो, की लांबून ओरडतात ते नवखे किंवा भित्रे. आरोळी आणि शस्त्राचा घाव शत्रूवर एकदमच पडायला हवा.

त्या आवाजाची दहशत काय असे, हेही जोसेफसनेच नोंदवलं आहे. इ.स. ६७मध्ये योतापाता या गावाचा बचाव तो स्वतः करत होता. रोमनांच्या एका मोठ्या हल्ल्याआधी त्याने आपल्या माणसांना सांगितलं, की रोमन गर्जना करतील तेव्हा कान बंद करून घ्या. बाणांसाठी ढाली, आवाजासाठी कानांवर हात!

आता पुन्हा फार्सालसला जाऊ, कारण या विषयावर दोन मुरब्बी रोमन सेनापतींचा खरा मतभेद तिथेच झाला. पॉम्पेने आपल्या पायदळाला जागचं हलायचं नाही, असा हुकूम दिला. हिशेब सोपा होता. सीझरचे लोक दुप्पट अंतर धावून दमतील, त्यांच्या रांगा विस्कटतील, आणि उभ्या असलेल्यांना त्यांचे भाले झेलणं सोपं जाईल. पण सीझरच्या जुन्याजाणत्या सैनिकांनी पाहिलं, की समोरचे धावत येत नाहीत. कुणी न सांगता ते अर्ध्या वाटेत थांबले, दम घेतला, मग पुन्हा धावले, भाले फेकले आणि तलवारी उपसल्या. सीझर पुढे लिहितो, की माणसात लढाईची ऊर्मी उपजतच असते. सेनापतीने ती चेतवायची असते, दाबायची नसते. चारी बाजूंनी तुताऱ्या आणि सगळ्यांनी एकसाथ गर्जना, ही रीत पूर्वजांनी उगीच नाही पाडली.

जिंकलेल्याचं हे मत जपूनच घ्यावं. ती लढाई मुख्यतः फिरली ती सीझरने मागे दडवून ठेवलेल्या सहा तुकड्यांनी पॉम्पेच्या घोडदळाला पळवून लावल्यामुळे. तरीही मला सीझरचं म्हणणं पटतं. उभं राहून वाट पाहणाऱ्या माणसाला भीतीशी बोलायला फार वेळ मिळतो.

पुढे फौजेत जर्मन टोळ्यांचे लोक भरती झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांची ‘बॅरिटस’ ही आरोळीही आली. हलक्या गुणगुणण्यापासून सुरू होऊन ती चढत जायची. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या काळात जर्मन योद्धे आवाज घुमावा म्हणून तोंडासमोर ढाल धरत; इ.स. ३५७च्या स्ट्रासबुर्गच्या लढाईत तर रोमच्याच तुकड्या ती देताना दिसतात. ज्यांना रानटी म्हणायचं त्यांचीच आरोळी उचलायची! रोमला अशा उसनवारीची कधीच लाज वाटली नाही.

पण नुसत्या आवाजावर माणूस मरायला तयार होत नाही. त्याला कुणीतरी पाहत असावं लागतं. इ.स.पूर्व ५७मध्ये गॉलमधल्या नर्व्ही टोळीने साबिस नदीकाठी सीझरच्या फौजेला अचानक गाठलं, तेव्हा त्याने मागच्या रांगेतल्या एका शिपायाची ढाल ओढून घेतली, पुढे घुसला आणि सेंच्युरियनांना, म्हणजे तुकड्यांच्या नायकांना, नावानिशी हाका मारल्या. बक्षिसांमागेही हेच होतं. लढाईत सहनागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा मुकुट मिळे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या मते, वाचलेल्याने वाचवणाऱ्याला आयुष्यभर वडिलांच्या जागी मानायचं असे. मुकुट पानांचा, पण तो डोक्यावर घेऊन गावात फिरता येई.

सेनापतीच्या नजरेसमोर लढण्याचं उदाहरण फार्सालसलाच मिळतं. तिथे पहिली धाव घेणारा क्रास्टिनस दहाव्या लीजनचा (पलटणीचा) जुना सेंच्युरियन होता, मुदत संपल्यावर पुन्हा बोलावलेला. आज जिवंत वा मेलेला, पण तुम्ही माझे आभार मानाल, असं सीझरला सांगून तो निघाला. मागोमाग १२० स्वयंसेवक गेले. तोंडावर तलवारीचा घाव बसून तो पडला. सीझरच्या स्वतःच्या हिशेबानुसार त्या दिवशी त्याचे २०० शिपाई गेले आणि सुमारे ३० सेंच्युरियन. साधारण ८० शिपायांमागे एक सेंच्युरियन असलेल्या फौजेतला हा आकडा आहे.

पुढच्या भागात या सेंच्युरियनांविषयी, आणि त्यांच्या हातातल्या द्राक्षवेलीच्या छडीविषयी.