रंगरूट घडतो उस्तादाच्या हाती

अग्निपथ योजनेचा विषय राजधानीत निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. निवृत्तिवेतनाचा अभाव, चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच मिळणारी कायम सेवेची संधी आणि वीरमरण आल्यास कुटुंबाच्या हाती पडणारी भरपाई, हे तिचे मुद्दे. १ जुलै २०२४ रोजी लोकसभेत विरोधी पक्षनेते राहुल गांधी आणि संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यात झडलेली खडाजंगीही भरपाईभोवतीच फिरली. हे मुद्दे गैरलागू नाहीत. परंतु अग्निवीर सीमेवर उभा राहतो तेव्हा त्याची लढण्याची तयारी कितपत झालेली असते, हा प्रश्न या गदारोळात मागे पडतो. सेनादलाच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे.

पूर्वी पायदळाच्या रंगरुटाला कसम परेडपर्यंत पोहोचण्यास साधारणतः नऊ महिने लागत. १४ जून २०२२ रोजी अग्निपथची घोषणा झाली, तेव्हा हा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा सांगण्यात आला. वरवर पाहता ही कपात मोठी नाही. तथापि पूर्वीचा जवान पंधरा-सतरा वर्षे सेवेत राहत असे. केंद्रावर जे अपुरे राहिले ते पलटणीत, हवालदार आणि सुभेदारांच्या नजरेखाली, पुढच्या चार-पाच वर्षांत भरून निघे. अग्निवीराची चार वर्षे प्रशिक्षणासह मोजली जातात. म्हणजे पलटणीला तो जेमतेम साडेतीन वर्षे मिळतो, आणि पूर्ण कसाला लागेपर्यंत त्याच्या निरोपाची वेळ येते. केंद्रावरचे प्रशिक्षण कमी झाले आणि ती उणीव भरून काढण्याचा अवधीही कमी झाला, अशी ही दुहेरी कात्री आहे.

अन्य देशांचा प्रवास या काळात उलट दिशेने झाला. अमेरिकी लष्कराने २०१८ मध्ये प्रयोगादाखल आपल्या पायदळाचे एकत्रित प्रशिक्षण १४ आठवड्यांवरून २२ आठवड्यांवर नेले आणि पुढे ते कायम केले. नेमबाजी, नकाशावाचन, प्रथमोपचार आणि रात्रीच्या हालचाली यांना अधिक वेळ मिळावा, हा त्यामागचा विचार होता. युक्रेनची तर माणसांची चणचण उघड आहे. तरीही ऐन युद्धात, २०२४ च्या अखेरीस, त्या देशाने नवसैनिकांचे मूलभूत प्रशिक्षण एक महिन्यावरून दीड महिन्यावर नेले. अर्धवट शिकलेला शिपाई आघाडीवर पाठवण्याची किंमत काय असते, हे त्या सेनेइतके अन्य कोणास ठाऊक असणार?

तरीही केवळ आठवडे वाढवून प्रश्न सुटणार नाही. लष्कराच्या केंद्रांवर शिकवणाऱ्या नाईक-हवालदाराला रंगरूट ‘उस्ताद’ म्हणतात. पहाटेच्या दौडीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत रंगरुटाचे सारे विश्व या एका माणसाभोवती फिरते. उस्ताद कसा, त्यावर शिपाई कसा हे ठरते. पण उत्तम हवालदार सोडून देण्यास पलटणी सहजी राजी नसतात, कारण त्यांनाही तोच हवा असतो. दर चार वर्षांनी तीन चतुर्थांश जवान बाहेर पडणार असतील, तर केंद्रांना पूर्वीपेक्षा अधिक रंगरूट घडवावे लागतील आणि उस्तादांची मागणी त्याच प्रमाणात वाढेल. ही मागणी भागवण्याचा विचार योजनेच्या मुळाशीच असायला हवा.

उस्तादाच्या निवडीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचा धडा अमेरिकेच्या मरीन दलाने फार पूर्वी घेतला आहे. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंड येथील केंद्रावर एका प्रशिक्षकाने शिक्षेदाखल आपली तुकडी खाडीच्या पाण्यात उतरवली आणि सहा रंगरूट बुडून मरण पावले. त्यानंतर मरीन दलाने प्रशिक्षण मवाळ केले नाही. प्रशिक्षकांची निवड कडक केली आणि त्यांच्यावर अधिकाऱ्यांची देखरेख वाढवली. काठिण्य आणि छळ यांतील सीमारेषा आखणे हे संस्थेचे काम आहे, ते एकट्या उस्तादाच्या स्वभावावर सोडता येत नाही, हा त्याचा अर्थ.

तिसरा प्रश्न मैदानांचा. प्रत्यक्ष दारूगोळ्यावरच्या सरावाला पर्याय नाही. पण त्यासाठी लागणाऱ्या जागा लोकवस्तीच्या दबावाखाली येत आहेत. झारखंडमधील नेतरहाट फायरिंग रेंजला स्थानिक आदिवासींनी अनेक वर्षे विरोध केला आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने तिची मुदत वाढवण्यास नकार दिला. लोकांची बाजू तेथे न्याय्य होती. अशा वेळी उरलेल्या रेंजचा काटेकोर वापर आणि प्राथमिक टप्प्यात सिम्युलेटरची जोड, हाच मार्ग उरतो. सुरक्षिततेची बाबही याच्याशी निगडित आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकला तोफखान्याच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. अशा प्रत्येक दुर्घटनेच्या चौकशीचे निष्कर्ष सर्व केंद्रांच्या अभ्यासक्रमात उतरले, तरच चौकशीला अर्थ आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, पायदळाच्या अग्निवीराचे प्रशिक्षण पुन्हा नऊ महिन्यांवर न्यावे आणि सेवेची मुदत तेवढीच, म्हणजे तीन महिन्यांनी वाढवावी. घोषणेतील पहिल्या वर्षाच्या दरमहा ३० हजार रुपयांच्या हिशेबाने हा वेतनखर्च माणशी ९० हजार होतो. ४० हजार जवानांच्या भरतीस ३६० कोटी. भोजन, निवास, दारूगोळा यांचा भार निराळा. परंतु २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा होता, हे ध्यानात घेता ही रक्कम डोईजड नाही. दुसरी गोष्ट, केंद्रावरील उस्तादाची नेमणूक बढतीच्या वाटेवरची मानाची पायरी ठरावी. तिसरी, कसम परेडची तारीख दिनदर्शिकेने न ठरता कसोटीने ठरावी. जो रंगरूट नेमबाजीत किंवा प्रथमोपचारात कच्चा आहे, त्याला तारीख साधण्यासाठी पुढे ढकलू नये.

मराठी माणसाला हा विषय परका नाही. नाशिक रोडला तोफखान्याचे, अहिल्यानगरला चिलखती दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे, खडकीला बॉम्बे सॅपर्सचे, तर कामठीला गार्ड्सचे केंद्र आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रंगरूट बेळगावात आणि महार रेजिमेंटचे सागरला घडतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांतून पहाटे रस्त्याने धावणारी मुले याच केंद्रांची स्वप्ने पाहतात. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीपासून प्रशिक्षणात दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यानिमित्ताने योजनेचा जो हिशेब मांडला जाईल, त्यात किती जणांना कायम केले यासोबत किती जणांना पुरते शिकवले, हाही रकाना असला पाहिजे. निवृत्तिवेतनाचा वाद पुढच्या अधिवेशनातही मिटवता येईल. अपुऱ्या शिक्षणानिशी आघाडीवर गेलेल्या मुलाला तशी दुसरी संधी मिळत नाही.