बहुरूपी यंत्र : जुने साहसखेळ नव्या संगणकावर कसे चालतात?

समजा, तळवलीतल्या तुमच्या घरी दिवाळीची साफसफाई चालू आहे आणि माळ्यावरच्या खोक्यात तुम्हाला एक काळी, चौकोनी, पातळ वस्तू सापडली. ती आहे सव्वापाच इंची फ्लॉपी. तिच्यात ३६० किलोबाइट मजकूर मावत असे. आजच्या मोबाइलने काढलेला एक चांगला फोटोही तिच्यात मावणार नाही. पण सुमारे चाळीस वर्षांपूर्वी अशा एका चकतीत अख्खा खेळ मावे. त्यात गुहा असत, किल्ले असत, बंद दारे आणि हरवलेल्या किल्ल्या असत.

आता समजा, कोणा जाणकाराने त्या चकतीवरचा सगळा मजकूर तुम्हाला पेनड्राइव्हवर उतरवून दिला. एकही बाइट हरवलेला नाही. तुम्ही मोठ्या उत्साहाने ती फाइल नव्या संगणकावर उघडू पाहता आणि संगणक उत्तर देतो की ही आज्ञावली येथे चालणार नाही. सगळे बाइट जागच्या जागी आहेत, मग खेळ गेला कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मोडी कागदांकडे पाहिले की चटकन कळते. पुण्याच्या पेशवे दप्तरातला एखादा कागद शाईसकट शाबूत असतो, तरी मोडी न येणाऱ्याला तो मुकाच वाटतो. अर्थ कागदावर आहे, पण तो वाचणाऱ्याशिवाय प्रकट होत नाही. संगणकाचा खेळही तसाच आहे. चकतीवर असतात नुसत्या सूचना. त्या सूचना समजणारे यंत्र आणि सूचना हे दोन्ही मिळून खेळ होतो. यंत्र बदलले की सूचना मुक्या होतात.

गुहेतला पहिला प्रवास

साहसखेळांचा उगमही मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील विल क्राउदर हा गृहस्थ इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेट या जाळ्यावर काम करी. त्याला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेच्या मोजणीत त्याने भाग घेतला होता. १९७५-७६ च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी ‘अॅडव्हेंचर’ नावाचा खेळ लिहिला. त्यात एकही चित्र नव्हते. पडद्यावर वर्णन येई, ‘तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात’, आणि खेळणाऱ्याने ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा दोन-दोन शब्दांच्या आज्ञा टंकायच्या. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि हा खेळ विद्यापीठाविद्यापीठांत पसरला.

हा खेळ पीडीपी-१० या संगणकावर जन्मला. त्या यंत्राच्या स्मृतीतील एका घरात ३६ बिट मावत. एका इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात. म्हणजे एका घरात पाच अक्षरे बसतात आणि एक बिट उरतो. म्हणून खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच पाही! पाहा, यंत्राची घडण खेळाच्या नियमात कशी उतरते.

हाच नियम मराठीला लावून पाहू. संगणक काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हे वेगळी मोजतो. ‘तळवली’ या शब्दात त, ळ, व, ल आणि वेलांटी अशी बरोबर पाच चिन्हे आहेत. ‘तळवलीला’, ‘तळवलीहून’ हे शब्द पाचव्या चिन्हावर तोडले तरी ‘तळवली’च उरते. वा! पण ‘दिवा’ आणि ‘दिव्यात’ घ्या. पहिल्यात ‘व’पुढे काना येतो, दुसऱ्यात हलन्त आणि ‘य’. खेळाला हे दोन अगदी वेगळे शब्द वाटतील आणि ‘दिव्यात तेल घाल’ म्हटले की तो गोंधळून जाईल. इंग्रजीसाठी सोयीची युक्ती मराठीच्या सामान्यरूपापुढे हात टेकते.

खेळ अडतो कुठे?

पुढे साहसखेळांत चित्रे आली, रंग आले, संगीत आले. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर निघाल्यावर हे खेळ घराघरांत पोचले. ते आजच्या संगणकावर अडतात, त्याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण भाषेचे. त्या वेळच्या प्रक्रियकाच्या सूचना १६-बिट पद्धतीच्या होत्या. आजचे प्रक्रियक ६४-बिट आहेत. ६४-बिट कार्यप्रणाली चालू असताना प्रक्रियकाचे ते जुने दार बंद असते. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर फक्त ६४-बिट रूपातच मिळते.

दुसरे कारण वेगाचे. पहिल्या आयबीएम पीसीच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ४७ लाख ७० हजार पडत. आजच्या साध्या संगणकात ते ३०० कोटी पडतात, म्हणजे सहाशेपटींहून अधिक. जुने खेळ लिहिणारे कित्येकदा वेळ काढण्यासाठी संगणकाला उगाच हजारापर्यंत आकडे मोजायला लावत. जुने यंत्र मोजेपर्यंत क्षणभर जाई. नवे यंत्र मोजून केव्हाच मोकळे होते आणि खेळातला राक्षस दिसण्यापूर्वीच तुम्हाला गिळतो! टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या तर सुरू होतानाच संगणकाचा वेग मोजत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रक्रियक इतके वेगवान झाले की त्या मोजणीतील भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावेना. मग ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन आज्ञावली बंद पडे. यंत्र वेगवान झाले हाच तिचा दोष!

तिसरे कारण अवयवांचे. जुना खेळ पडद्याशी आणि आवाजाच्या कार्डाशी थेट बोलत असे. ती कार्डे आता नाहीत. पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके असत. पडद्याची लांबी-रुंदी ४:३ या प्रमाणात असल्याने प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच, १.२ पट, दिसे. चित्रकार त्या हिशोबानेच चित्र काढी. आजच्या चौरस ठिपक्यांवर तेच चित्र जसेच्या तसे दाखवले तर गोल चंद्र चपटा होतो.

बहुरूपी

मग उपाय काय? जुनी यंत्रे जपून ठेवणे हा एक उपाय आहे, पण यंत्रे झिजतात आणि सुटे भाग मिळेनासे होतात. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. आपल्या गावात पूर्वी बहुरूपी येई. पोलिसाचा वेश घेतला की तो चालणे, बोलणे, दरडावणे सगळे पोलिसासारखे करी. तसे नव्या संगणकालाच जुन्या संगणकाचे सोंग घ्यायला लावायचे! हे सोंग घेणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. आपण तिला बहुरूपीच म्हणू.

हे सोंग कसे वठते ते बीबीसी मायक्रो या संगणकावरून पाहू. त्याच्या ६५०२ या प्रक्रियकाला स्मृतीची ६५,५३६ घरे दिसत. बहुरूपी नव्या संगणकाच्या स्मृतीत तेवढ्याच घरांचा तक्ता मांडतो आणि खेळाचे आकडे त्यात भरतो. मग एक-एक आकडा उचलून वाचतो. समजा, आकडे आले १६९, ५, १३३, ४०. ६५०२ च्या भाषेत १६९ म्हणजे ‘पुढची संख्या अ या कप्प्यात ठेव’ आणि १३३ म्हणजे ‘अ कप्प्यातली संख्या पुढे सांगितलेल्या घरात ठेव’. बहुरूपी आपल्या तक्त्यातील ४० क्रमांकाच्या घरात ५ लिहितो. झाले! खऱ्या यंत्रात पहिल्या सूचनेला २ ठोके आणि दुसरीला ३ ठोके लागत. घड्याळ सेकंदाला २० लाख ठोके देई, म्हणून ५ ठोक्यांना अडीच मायक्रोसेकंद लागत. बहुरूपीचे काम त्याहून कितीतरी आधी उरकते, म्हणून तो ठोक्यांचा हिशोब ठेवतो आणि उरलेला वेळ थांबतो. खेळ पुन्हा मूळ चालीने चालू लागतो. जुन्या पीसीचे असेच सोंग घेणारी ‘डॉसबॉक्स’ ही आज्ञावली २००२ पासून विनामूल्य मिळते.

दुभाषी

काही खेळ लिहिणारे मात्र मुळातच दूरदर्शी होते. ‘झॉर्क’ हा साहसखेळ लिहिणाऱ्या मंडळींनी १९७९ साली इन्फोकॉम कंपनी काढली. त्या काळी दर कंपनीच्या संगणकाची भाषा निराळी. प्रत्येकासाठी खेळ पुन्हा कोण लिहिणार? त्यांनी प्रत्यक्षात कोणीच न बनवलेल्या एका कल्पित यंत्राचे नियम कागदावर ठरवले, त्याला ‘झेड-मशीन’ म्हटले आणि सगळे खेळ त्या यंत्राच्या भाषेत लिहिले. मग प्रत्येक खऱ्या संगणकासाठी एक छोटासा दुभाषी लिहिला की पुरे. ते संगणक भंगारात गेले, पण कल्पित यंत्राला गंज कसा चढणार? आज मोबाइलसाठीही त्याचे दुभाषी आहेत.

लुकासफिल्म कंपनीने १९८७ च्या ‘मॅनिअॅक मॅन्शन’ या खेळासाठी ‘स्कम’ नावाची अशीच भाषा बनवली होती. तिचे नियम कंपनीबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. २००१ मध्ये दोन प्रोग्रॅमरांनी फाइलींतले आकडे तपासून ते नियम उलगडायला घेतले. मोडी वाचकाने अक्षर अक्षर लावावे तसेच हे काम. त्यातून ‘स्कमव्हीएम’ हा दुभाषी तयार झाला. एक मात्र ध्यानात ठेवा : दुभाषी फुकट असला तरी खेळ फुकट नसतो. खेळ जुना झाला म्हणून त्यावरचा मालकी हक्क संपत नाही. मात्र काही मालकांनी खेळ आपणहून मोकळे केले आहेत. १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा खेळ २००३ पासून विनामूल्य आहे. ‘अॅडव्हेंचर’ची मूळ सूचनावली हरवली असे मानले जाई. ती वुड्सच्या विद्यापीठातील खात्याच्या जुन्या साठवणीत सापडली आणि २००७ मध्ये प्रकाशात आली.

आपल्या घरातली गोष्ट

हे सगळे परदेशातले, असे समजू नका. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांना वर सांगितलेला बीबीसी मायक्रोच दिला होता. त्या संगणकांवर मुलांनी आयुष्यातली पहिली आज्ञावली लिहिली असेल. तिची चकती कोणी जपली असेल, तर ती चालवणारा बहुरूपी आज तयार आहे.

मराठी मजकुराचे काय? युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत टंकला जाई. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे आणि कोणत्या जागी कोणते अक्षर, हे ज्याचे त्याने ठरवलेले. तो टंक संगणकावर नसेल तर मराठी लेख उघडताच इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे मानक ठरले. त्याचा तक्ता छापील होता, सर्वांना खुला होता. म्हणून इस्कीतला मजकूर आजही युनिकोडमध्ये आणता येतो. टंकाचा तक्ता हरवला की मात्र खेळ उलगडणाऱ्यांसारखेच अक्षर अक्षर लावत बसावे लागते.

करून पाहा

तळवलीच्या उत्तरेला रबाळे, दक्षिणेला घणसोली, पूर्वेला औद्योगिक पट्ट्यापलीकडे डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. त्यांना क्रमांक द्या : तळवली १, रबाळे २, घणसोली ३, डोंगर ४, खाडी ५. आता दर ठिकाणाहून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या क्रमाने कुठे पोचतो ते लिहा. वाट नसेल तेथे शून्य.

१ : २ ३ ४ ५
२ : ० १ ० ०
३ : १ ० ० ०
४ : ० ० ० १
५ : ० ० १ ०

एकाने यंत्र व्हावे, दुसऱ्याने खेळाडू. खेळाडूने ‘पश्चिमेला जा’ म्हणताच यंत्राने तक्ता पाहून ‘तुम्ही खाडीवर आहात’ असे सांगावे. खाडीवर रोहित पक्षी, डोंगरात किल्ली अशी भर तुम्हीच घाला. तुमचा साहसखेळ तयार!

आता खरा प्रयोग. हे आकडे आणि ठिकाणांची नावे दुसऱ्या वर्गातील जोडीला द्या, पण दिशांचा क्रम सांगू नका. समजा, त्यांनी पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असा क्रम धरला. खेळ कोठेही अडणार नाही. गेलेली वाट बरोबर परतही आणील. फक्त रबाळे पूर्वेला जाईल, डोंगर उत्तरेला आणि खाडी दक्षिणेला! चूक झाली हे त्यांना कळणारही नाही. आकडे सगळे जपले, पण एक ओळ हरवली आणि गावाचा भूगोलच फिरला.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक सुचवणे आहे. शाळेचे हस्तलिखित, प्रयोगांच्या नोंदी, तुम्ही लिहिलेला खेळ, जे काही संगणकात साठवाल त्याच्याशेजारी साध्या मजकुराची एक छोटी फाइल ठेवा. हे कोणत्या आज्ञावलीत केले, कोणता टंक वापरला, कोणत्या वर्षी, आणि आकड्यांचा क्रम काय. चार ओळी पुरतात. तीस वर्षांनी येणाऱ्या बहुरूप्याला सोंग वठवायला तेवढ्याच लागतील.