चौकट : बंद पडलेली गाडी आणि प्लगची साक्ष

नीरा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान असलेल्या बावडा (ता. इंदापूर) परिसरात उसाच्या फडाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांची धूळ शंभर सीसीच्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये साचत जाते, हवा कमी पडून मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो आणि स्पार्क प्लगच्या टोकावर कोरडी काजळी धरते, म्हणून किक मारूनही चालू न होणाऱ्या इंजिनाची तपासणी प्लगपासून करणे सोयीचे ठरते. फिकट तपकिरी टोक हे ज्वलन ठीक असल्याचे लक्षण होय. टोक तेलकट काळे असून सायलेन्सरमधून निळसर धूरही येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजून ऑइल ज्वलनकक्षात उतरत असल्याचे समजावे, आणि असे दुखणे प्लग घासून जात नाही. बऱ्याच किका मारल्यावरही टोक कोरडेच राहिले, तर पेट्रोल पोहोचत नाही.

पेट्रोलमध्ये २०२३ पासून २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाणारे इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, ज्याची झळ उसाच्या मुलखातील गाड्यांनाही चुकत नाही. कार्ब्युरेटरच्या तळाचा, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचा, स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरल्यास हा थर डोळ्यांना दिसतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटरच नसतो. तेथे चावी फिरवताच टाकीतील पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते का, हे आधी पाहावे.