गिटारशिवाय रॉक: मोतोई साकुराबांचा १९९१चा अल्बम

'डार्क सोल्स' किंवा 'स्टार ओशन' खेळला असाल, तर मोतोई साकुराबांचं संगीत तुम्ही ऐकलंच आहे. पण गेमच्या संगीतात नाव होण्याआधी हा माणूस पक्का प्रोग्रेसिव्ह रॉकवाला होता! १९८८ मध्ये 'देजा-व्हू' या त्रिकुटाचा अल्बम आला, १९९१ मध्ये स्वतःचा 'गिक्योकु ऑनसो'.

या अल्बममध्ये गिटार शोधू नका. कीबोर्ड, बेस, ड्रम्स, बस्स. 'इमर्सन, लेक अँड पामर' या बँडची परंपरा उघड दिसते, पण वेग आणि बेचैनी साकुराबांचीच. यातला 'बायझँटियम' हा ट्रॅक हेडफोन लावून ऐका. ऑर्गन-सिंथच्या सुसाट ताना सुरू असताना मुद्दाम बेसकडे कान द्या. त्यांच्या गेममधल्या बॉस-लढायांचं संगीत इतकं अंगावर का येतं, ते इथेच कळतं.