इन्शुलिन कसे बनते, कसे जपावे



मधुमेहावरील इन्शुलिन पूर्वी गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मानवी इन्शुलिनचे जनुक जंतूंत घालून तेच प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले. १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. आपल्या बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने २००४ साली ते यीस्टच्या साहाय्याने बनवून बाजारात आणले. टाक्यांत यीस्ट वाढवून त्याच्याकडून प्रथिन करवून घेतात व मग ते शुद्ध करतात.

हे प्रथिन नाजूक असते. अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही. तसेच उन्हाने वा बर्फाने बिघडलेले इन्शुलिन सुधारत नाही. म्हणून न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेली बाटली टाकून द्यावी.

फ्रीज नसल्यास मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, वर ओले फडके टाकून सावलीत ठेवावे. बाटली कोरड्या पिशवीत असावी.

गोकुळ रोडवरून औषध घेऊन गावी जाताना ते गाडीच्या डिकीत तापू देऊ नये. नेहमीचे इंजेक्शन घेऊनही साखर वाढली, तर मनाने मात्रा वाढवू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.